नकुळाची विश्रांती

यंत्रांना हात लावू नये, असं देवदत्तानं लिहून चिकटवलं होतं, म्हणून चालू यंत्रांना हात कुणीच लावला नव्हता. आधी मेन स्विच तेवढा खाली पाडला होता.

नवमीच्या नैवेद्यासाठी तो घरी जेमतेम पानावर बसून आला होता. हाताला अजून पुरणाचा वास होता. सभेच्या मागच्या खोलीचं दार त्यानं ढकललं आणि तो उंबऱ्यातच थबकला. खोली गप्प होती. या खोलीत गेली कित्येक वर्षं संगणकांच्या पंख्यांची गुरगुर थांबली नव्हती. ती थांबली की कसं वाटतं हे त्याला आज पहिल्यांदा कळलं. पाचही यंत्रं ओळीनं पुसून ठेवलेली. प्रत्येकाच्या कपाळी हळदकुंकवाची बोटं, प्रत्येकाच्या गळ्यात झेंडूचा हार. जाळीतून अक्षता आत गेलेल्या. समोर उदबत्ती, साखरखोबऱ्याची वाटी, आणि शेजारी पितांबर नेसलेले, हात जोडलेले सभेचे कार्यवाह नंदकुमार.

"ये ये, देवा, प्रसाद घे," नंदकुमार म्हणाले. "खंडेनवमी आहे. म्हटलं, वर्षभर राबतात बिचारी. एक दिवस आराम नको?"

दाराशी गुणाजी, सभेचा शिपाई, तांब्या घेऊन उभा होता. तो घाईघाईनं म्हणाला, "मी सांगलंय हां त्यांका. देवदत्तांका येवंदे म्हटलंय. तर माका म्हणतत, कागदावर हात लावू नको असा लिवलेला आसा, स्विचाबद्दल खंय काय लिवलेला आसा?"

"काका," देवदत्त म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला, "किती वेळ झाला बंद करून?"

"झाला असेल तासभर. का रे?"

आता देवदत्त इतका का पांढरा पडला, ते सांगायला हवं.

विलेपार्ल्याची हरिश्रवण सभा ही कीर्तनाला वाहिलेली जुनी संस्था. नंदकुमारांचे आजोबा वामनबुवा यांनी ती काढली. तेव्हापासून सभेत जे जे कीर्तनकार उभे राहिले त्यांचं कीर्तन टेपवर घ्यायचा परिपाठ. पुढे त्या कॅसेटींवरचं सगळं संगणकावर चढवलं गेलं. कोण उभं होतं, पूर्वरंगाला कुठला अभंग, उत्तररंगाला कुठलं आख्यान, पेटीवर कोण, तबल्यावर कोण, हे सगळं आवाजासकट एका डेटाबेसमध्ये बांधलं. हा सारा संसार देवदत्तानं उभा केला. दिवसा तो अंधेरीला एका कंपनीत हेच काम पगारावर करायचा, आणि उरलेल्या वेळात सभेत फुकट. फुकट हा शब्द मात्र त्याला आवडत नसे. कीर्तनात आख्यान रंगलं की हा पंचेचाळिशीचा माणूस उपरण्यानं डोळे पुसायचा. त्याच्या लेखी ती मजुरी पोचलेली होती.

एका कचेरीनं टाकून दिलेली पाच यंत्रं सभेला मिळाली. पाच म्हटल्यावर सभेतल्या म्हाताऱ्यांनी लगेच बारसं करून टाकलं: धर्म, भीम, अर्जुन, नकुळ, सहदेव. या पाच भावांचा मिळून एक क्लस्टर. कुठलंही कीर्तन एका भावाकडे नाही, तिघांकडे ठेवायचं. एक आजारी पडला तरी दोघे सांभाळतात. इतकी वर्षं ते तसं चाललं.

मग ज्यांनी क्लस्टरचं सॉफ्टवेअर बनवलं होतं त्यांनीच ते वाऱ्यावर सोडलं. सगळं उचलून नव्या पद्धतीच्या क्लस्टरवर न्यायची वेळ आली. देवदत्तानं समितीसमोर मागणी ठेवली: निदान तीन नवी यंत्रं द्या. नाही म्हणाले. बरं, एक मोठी डिस्क द्या, तिच्यावर सगळ्याची एक प्रत काढून ठेवतो. त्यावर नंदकुमार हसले होते. "तीन तीन प्रती आहेत म्हणतोस, आणि वर चौथी? फाजील लाड आहेत, देवा. देवाचं काम आहे, आहे त्यात भागव." यंत्रांना वीज गेल्यावर धीर देणारी बॅटरी मेली होती, तिचंही असंच आहे त्यात भागवलं गेलं. त्याच बैठकीत नव्या संग्रहाच्या, दसऱ्याला व्हायच्या उद्घाटनासाठी दिव्यांच्या कमानीला मात्र एकमतानं मंजुरी मिळाली.

तेव्हा आहे त्यात भागवायचं म्हणजे काय, तर राहत्या घरातच घर बदलायचं. आधी तीन प्रतींच्या दोन केल्या. जागा मोकळी झाली तसे धर्म आणि भीम रिकामे करून त्यांचा नवा क्लस्टर मांडला. जुन्यातलं एकेक गाठोडं नव्यात उतरवायचं, तपासायचं, मग जुन्यातून पुसायचं. पुढे अर्जुन रिकामा झाला, तो नव्यात गेला. गाठोडी कीर्तनकारांच्या नावांच्या अक्षरांनी बांधलेली. नवमीच्या सकाळी एकच उरलं: य, र, ल, व. ते सहदेव आणि नकुळ या दोघांकडे होतं. पण नव्यात जागा पुरेना. ती करायची तर सहदेवालाही रिकामा करून तिकडे घेणं भाग होतं. म्हणजे त्या दुपारपुरतं, फक्त त्या एका दुपारपुरतं, त्या सगळ्या आवाजांची एकच प्रत साऱ्या जगात राहणार होती. नकुळावर. देवदत्तानं हे समितीला तोंडानं सांगितलं होतं, फोनवर लिहून पाठवलं होतं, आणि सकाळी निघताना नंदकुमारांना परत बजावलं होतं: "आज नकुळाला शिंकसुद्धा येता कामा नये."

"सुरू कर ना मग," नंदकुमार आता म्हणाले. "आरती झाली. मीच करतो थांब."

"हात लावू नका!"

गुणाजीच्या हातातला तांब्या हिंदकळला. सभेत देवदत्ताचा चढलेला आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता.

त्यानं स्वतः स्विच वर केला. धर्म गुरगुरला, भीम गुरगुरला, अर्जुन आणि सहदेव पाठोपाठ. नकुळाचा पंखा फिरला, दिवा लागला आणि पडद्यावर अक्षरं आली: डिस्क सापडत नाही. देवदत्तानं बंद केलं, थांबला, पुन्हा चालू केलं. तेच. त्यानं यंत्राला कान लावला. आतून बारीक टकटक येत होती, आणि मग काही नाही. वर्षानुवर्षं न थांबता फिरलेली म्हातारी डिस्क. चालती होती तोवर चालती होती. थंड झाली आणि आतल्या आत चिकटून बसली.

"काय झालं?" नंदकुमारांनी विचारलं.

"मेला नकुळ."

"असं अभद्र बोलू नये रे, सणाच्या दिवशी."

"अभद्र मी बोलतोय? मी?" देवदत्त वळला. "जिवंत यंत्र मारून त्याच्यापुढे खोबरं ठेवलंत तुम्ही! यशवंतबुवांची चार कीर्तनं तेवढी उतरली होती. बाकी सगळं याच्यात. रघुनाथबुवा, रत्नप्रभाबाई, लक्ष्मणबुवा, तुमचे वामनबुवा. सगळं!"

नंदकुमार वाईट माणूस नव्हते. रागावलेल्याची समजूत घालावी, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी देवदत्ताच्या खांद्यावर हात ठेवला आणि मायेनं म्हणाले, "इतकं मनाला लावून घेऊ नकोस. सगळं नाही गेलेलं. आजोबांच्या कॅसेट आहेत ना आमच्या घरी, कपाटात. त्या परत चढवू."

देवदत्तानं खांद्यावरचा हात काढला.

"कॅसेट घरी आहेत," देवदत्त सावकाश म्हणाला. "कॅसेट तर आपण टाकल्या. जागा अडते म्हणून. टेम्पो भरून देवनारच्या कचऱ्यात गेल्या. तुम्हीच म्हणालात, आता संगणकात आहे, हे प्लॅस्टिक कशाला."

"हो, त्या सभेच्या. आजोबांच्या तेवढ्या मी आधीच..."

"आधीच बाजूला काढल्यात."

"घरच्या माणसाच्या वस्तू रे. कुणीही काढेल."

"आणि बाकीचे कोण होते? रस्त्यावरचे? लक्ष्मणबुवा बोरिवलीहून पायात साध्या चपला घालून यायचे, तांदूळ-नारळावर कीर्तन करून जायचे. त्यांचं एक कीर्तन कुठल्या कॅसेट कंपनीनं काढलं नाही. त्यांच्या घरी कपाट नव्हतं, म्हणून ते देवनारला?" देवदत्ताचा चेहरा लाल झाला होता. "तुम्हाला म्हणजे माहीत होतं. यंत्राचा भरवसा नसतो हे मी बोंबलून सांगत होतो तेव्हा तुम्हाला ते पटलेलं होतं! स्वतःच्या आजोबांपुरतं पटलेलं होतं!"

"आवाज खाली. देवघर आहे पलीकडे."

"त्याला ऐकू जाऊ दे. देवाचं काम, देवाचं काम म्हणून प्रत्येक वेळी त्याचं नाव पुढे केलंत. डिस्क मागितली, देवाचं काम. बॅटरी मागितली, देवाचं काम. देवानं तुम्हाला डोकं दिलं ते काय कमानीला दिवे टांगायला?"

नंदकुमारांचा चेहरा पडला. ते काही बोलणार, तोच दारातून एक घोगरी, वाऱ्यासारखी कुजबूज आली.

"काय गेलं?"

रत्नप्रभाबाई उभ्या होत्या. संध्याकाळच्या कीर्तनाला त्या कांदिवलीहून नेहमीच लवकर यायच्या. हिरवी नऊवारी, कपाळावर बुक्का, आणि गळ्याला गुंडाळलेला पातळ रुमाल. एके काळी माईक नसताना मागच्या रांगेपर्यंत पोचणारा गळा. घशाच्या ऑपरेशननंतर त्यात नुसता वारा उरला होता. त्या आता कीर्तन ऐकायला यायच्या, आणि अभंगाचं ध्रुपद आलं की बाकीच्यांबरोबर ओठ हलवायच्या. आवाज मात्र निघायचा नाही.

देवदत्तानं त्यांना खुर्ची दिली. काय आणि कसं ते सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. बाई ऐकत होत्या. एकदाच त्यांनी नंदकुमारांकडे पाहिलं. त्या नजरेनं नंदकुमारांना पितांबरात घाम फुटला.

"काही इलाज?" बाईंनी विचारलं.

"एक आहे. लागला तर लागला. डिस्क बाहेर काढून वीज देताना हातानं झटका द्यायचा. चिकटलेली चकती सुटली तर फिरेल. पण फिरली तरी किती वेळ, सांगता येत नाही. एकदा थांबली की संपलं."

"कर."

त्यानं नकुळाचा हार बाजूला केला, झाकण उघडलं, आत पडलेल्या अक्षता फुंकून काढल्या. डिस्क हातावर घेतली, लांब तार जोडली. गुणाजीला खुणावलं. वीज आली त्याच क्षणी त्यानं मनगट झटकन फिरवलं. काही नाही. दुसऱ्यांदा. काही नाही. तिसऱ्यांदा आतून खरखर झाली, आणि त्या खरखरीतून एक लय उमटली. डिस्क फिरत होती. देवदत्तानं ती टेबलावर ठेवायला नेली तशी खरखर वाढली. उचलली, जरा तिरकी धरली, की कमी. आडवी केली की पुन्हा टकटक.

"हिला असंच धरून बसायला लागेल," तो म्हणाला. "तिरकं. न हलता. मला कळफलक सांभाळायचाय. काका, बसा खाली."

"मी?"

"तुम्हीच."

कार्यवाह नंदकुमार पितांबर सावरत जमिनीवर मांडी घालून बसले. देवदत्तानं ती गरम होत चाललेली डिस्क त्यांच्या दोन्ही तळव्यांत ठेवली, बोटं धरून कोन बसवून दिला. "श्वास घेतलात तरी चालेल. बाकी काही नाही."

आता प्रश्न होता, आधी काय काढायचं.

"देवा," नंदकुमार मान न हलवता म्हणाले, "आजोबांचं एक तरी आधी घे. उद्या उद्घाटनाला तेच लावायचंय. पत्रिकेत छापलंय."

"तुमच्या आजोबांचं नाव काढलंत तर मी उठून जाईन," देवदत्त म्हणाला. "आधी लक्ष्मणबुवा. थोडीच आहेत, आणि त्यांचं दुसरीकडे काहीच नाही."

"नाही," बाई कुजबुजल्या. "माझं आधी."

देवदत्तानं चमकून पाहिलं. त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. बाईंनी कधी स्वतःसाठी पुढची खुर्चीसुद्धा मागितली नव्हती.

"बाई, लक्ष्मणबुवा गेलेत. तुम्ही तर अजून..."

"मी काय अजून? बोल ना." बाईंच्या कुजबुजीला धार आली. "हा गळा बघतोस ना? मी त्यांच्या पायाशी बसून शिकले. त्यांचं उभं राहणं, त्यांची चाल, आख्यानात थांबायची त्यांची जागा, सगळं माझ्यात आहे. माझं राहिलं तर त्यांचं थोडं राहील. त्यांचं राहिलं तर माझं काय राहतं? मला लाज नाही वाटत मागायला. माझा आवाज मला परत हवाय. मेल्यावर नको, आत्ता हवाय."

बाईंचा राग त्यानं कधी पाहिला नव्हता. घटकाभर त्याला त्यांचाही राग आला. मग तो वळला आणि त्यानं आज्ञा टाइप केली.

एकेक कीर्तन उतरायला लागलं. मुलुंडच्या चाळीतलं, घाटकोपरच्या दत्तमंदिरातलं, सभेतलं. देवदत्त नाव वाचायचा, बाई मान हलवायच्या. डिस्कची खरखर, पंख्यांची गुरगुर, आणि पलीकडच्या सभागृहात कुणीतरी तबला पेटीच्या सुरात लावत होतं. नंदकुमारांचे हात भरून आले तसं गुणाजीनं त्यांच्या कोपरांखाली उशा सरकवल्या. तळवे भाजत असावेत. त्यांनी तक्रार केली नाही. एकदाच हळूच विचारलं, "कुठवर आलं?" देवदत्तानं पुढचं नाव वाचलं. राग त्याच्या बोटांत होता. कळा तो नेहमीपेक्षा जोरात दाबत होता.

बाईंचं शेवटचं कीर्तन उतरलं, तपासून झालं. देवदत्तानं श्वास सोडला आणि लगेच पुढची आज्ञा दिली: लक्ष्मणबुवा. पडद्यावर नाव आलं. पहिल्या कीर्तनाची पट्टी सरकू लागली, पाव झाली, अर्ध्याला आली.

टक.

मग आणखी एकदा. मग खरखर उतरत उतरत गेली, दमलेल्या माणसानं खाली बसावं तशी, आणि थांबली.

"मी हललो नाही," नंदकुमार म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "शपथ घेतो, देवा. मी हललो नाही रे."

ते हलले नव्हते, हे देवदत्ताला दिसत होतं. त्यामुळेच त्याला आणखी संताप आला. कुणाच्या अंगावर टाकायचा तेच कळेना. त्यानं डिस्क त्यांच्या हातांतून घेतली. पुन्हा झटके दिले, पुन्हा पुन्हा दिले, मनगट दुखेपर्यंत. शेवटी गुणाजीनं येऊन त्याचा हात धरला.

"पुरे आता."

रघुनाथबुवांचं पुष्कळसं एका कॅसेट कंपनीनं काढलेलं होतं. वामनबुवा कपाटात होते. लक्ष्मणबुवांचं मात्र अर्धं कीर्तन होतं, आणि नवी व्यवस्था अर्धं ठेवून घेत नसे. पट्टी पूर्ण न झालेलं तिनं स्वतःच पुसून टाकलं. बाईंनी पदर तोंडाशी धरला आणि त्या भिंतीकडे वळल्या. नंदकुमार लालभडक तळवे अंगापासून दूर धरून उठले आणि बाहेर गेले.

संध्याकाळी सभागृह भरलं. आयुष्यात पहिल्यांदा देवदत्त कीर्तनाला आत गेला नाही. तो यंत्रांपाशी बसला, बाईंच्या कीर्तनांच्या दुसऱ्या प्रती होत होत्या त्या बघत. दोन झाल्या की तिसऱ्या. त्याशिवाय इथून उठायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. बाईही आत गेल्या नाहीत. त्याच्याशेजारी बसून राहिल्या.

भिंतीपलीकडून कर्ण्यावर नंदकुमारांचा आवाज आला. कीर्तनाआधी कार्यवाहांचे दोन शब्द असायचे.

"...सांगायला दुःख होतं, की आपल्या संग्रहाचं स्थलांतर चालू असताना, तांत्रिक बिघाडामुळे, काही कीर्तनं..."

देवदत्त उठला. खुर्ची मागे पडली. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, पण अडवलं नाही. तो तरातरा गेला, सभागृहाचं बाजूचं दार उघडलं, आणि चपलांच्या राशीपाशी उभा राहिला. हात मुठीत. माईक हिसकावून घ्यायचा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

व्यासपीठावरून नंदकुमारांना तो दिसला. त्यांचं वाक्य अडलं. माईक धरलेल्या हाताला पांढरी पट्टी होती. पुढच्या रांगेतल्या बायका वळून दाराकडे पाहू लागल्या. पेटीवाल्यानं भाता धरून ठेवला.

"नाही," नंदकुमार म्हणाले. "बिघाड यंत्रात नव्हता. मला तीनदा सांगितलेलं होतं. चालतं यंत्र मी बंद केलं. त्याआधी प्रतीसाठी लागणारी डिस्क मी घेऊ दिली नाही. आणि त्याच्याही आधी कॅसेट मी टाकायला लावल्या. माझ्या आजोबांच्या तेवढ्या ठेवल्या."

सभागृहात कुजबूज उठली. मागून एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. "लक्ष्मणबुवांचं काय झालं? बोरिवलीच्या?"

"गेलं."

"एकही नाही?"

"एकही नाही."

म्हातारे उभेच राहिले. नंदकुमारांनी माईक खाली ठेवला, व्यासपीठाच्या पायरीवर बसले आणि पट्टी बांधलेले हात त्यांनी तोंडावर घेतले. कुणी त्यांच्याजवळ गेलं नाही. देवदत्तही गेला नाही. त्याचा राग तिथेच होता, छातीत, जसाच्या तसा. पण मुठी सुटल्या होत्या. तो दारातच, चपलांच्या राशीशेजारी, खाली बसला.